ब्रश कुणाच्या हातात?

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि आमच्या ताईने भाचीसाठी स्थळं बघायला सुरुवात केली. स्थळं बघायची म्हणजे पहिलं काम फोटोचं. "तूच घेऊन जा तिला स्टुडिओत. माझ्याबरोबर आली की तोंड पाडून बसते," असं फर्मान निघालं. भाची शाळेत गणित शिकवते, बोलायला चुणचुणीत, रंगाने सावळी. डाळिंबी रंगाची साडी नेसली, केसात गजरा माळला, मस्त हसली. मी म्हटलं, झालं काम!

तीन दिवसांनी पाकीट आलं. ताई फोटोवर बेहद्द खूश. भाचीने मात्र फोटो हातात घेतला, थोडा लांब धरला, पुन्हा जवळ आणला आणि मला विचारलं, "मावशी, ही कोण गं?"

मी नीट पाहिलं. चेहरा गोरापान, पिठाच्या गोळ्यासारखा गुळगुळीत. हनुवटीखालचा तीळ गायब. पण मांडीवर ठेवलेले हात तिचेच होते, बांगड्यांसकट. एक कानही मूळ रंगाचा राहून गेला होता. "हात माझे, कान माझा. चेहरा तेवढा कुणाकडून तरी उसना आणलाय," असं म्हणून ती हसली. आम्हीही हसलो. फोटो बायोडाटाला चिकटवला आणि पाठवून दिला.

पुढे जे व्हायचं तेच झालं. पाहुणे आले, चहापोहे झाले. मुलाच्या आईने भाचीकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाईलवरच्या फोटोकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "फोटोत जरा उजळ वाटत होती, नाही?" आठवड्याने निरोप आला, पत्रिका जुळत नाही. त्या रात्री भाची मला म्हणाली, "मावशी, मला नाही म्हटल्याचं वाईट वाटलं नाही. पण माझ्याच फोटोपुढे मी नापास झाले, याचं वाटलं."

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मी पुन्हा त्या स्टुडिओत गेले. भांडायला म्हणून गेले होते, पण तिथे बसून बरंच काही शिकून आले.

फोटो काढतात भाऊ, पण आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर ते 'बनवतात' वहिनी. लग्नानंतर डीटीपीचा कोर्स केलेल्या, दोन मुलांचं सगळं आवरून दिवसाला कितीतरी फोटो हातावेगळे करणाऱ्या. मी तक्रार सांगितली तेव्हा त्या जराही चिडल्या नाहीत. "ताई, गोरं करा असं मला कुणी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "पण नाही केलं तर फोटो परत येतो. 'काय हो, मुलीला काळं केलंत,' म्हणतात. मग मीच आधी करून टाकते."

"आणि मुलग्यांचे फोटो?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "मुलग्यांचा मुरुमाचा डाग पुसते, शर्टाची कॉलर नीट करते. रंगाला नाही फारसा हात लावत."

मग त्यांनी मला शेजारी बसवून सगळं करून दाखवलं. पूर्वी फोटो उजळ करायचा म्हणजे अख्खा फोटो उजळायचा. चेहऱ्याबरोबर साडी, मागचा पडदा, सगळंच फिकट व्हायचं. आता तसं नसतं. पडद्यावर एक गोल ब्रश येतो. तो जिथून फिरवाल तेवढाच भाग निवडला जातो. कुठे कुठे फिरला हे कळावं म्हणून तेवढ्या भागावर लाल छटाही दाखवता येते, आळत्यासारखी. ब्रशची कड टणक ठेवली तर फोटोत रेघ उमटल्यासारखी दिसते, म्हणून ती मऊ ठेवायची, म्हणजे उजळ भाग आजूबाजूच्या रंगात विरत जातो. निवडलेल्या भागापुरत्या मग वेगवेगळ्या पट्ट्या सरकवायच्या. एका पट्टीने उजेड वाढतो, एकीने रंगाचा गडदपणा कमी होतो, एकीने त्वचेचा पोत पुसट होऊन ती मऊ दिसते. उजेड वर, गडदपणा खाली, पोत पुसट... झाली मुलगी गोरी! भाचीच्या फोटोत वहिनींचा ब्रश कानावरून आणि हातांवरून फिरायचा राहिला होता. लग्नसराईतली घाई, दुसरं काय!

या कलेचं मूळ मात्र कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचं आहे. आपल्या आज्या-पणज्यांचे कृष्णधवल फोटो आठवा. त्या काळी फोटोची निगेटिव्ह असायची. निगेटिव्हवर सगळं उलटं दिसतं, गोरं ते काळं आणि काळं ते पांढरं. रिटचिंग करणारे कारागीर भिंगातून बघत, टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवर बारीक बारीक रेघोट्या मारत. निगेटिव्हवर जिथे शिसं लागलं, तिथे कागदावरचा फोटो उजळ. सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि कधी कधी अख्खा चेहराच असा उजळून निघे.

डार्करूममध्येही दुसरी युक्ती असायची. कागदावर प्रकाश पडत असताना तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती मध्ये धरून हलवत राहायची. जिथे सावली पडली तो भाग फोटोत उजळ राहतो. उलट एखादा भाग गडद करायचा असेल तर हाताची मूठ करून मधल्या भोकातून तेवढ्याच जागी जास्त प्रकाश पाडायचा. फोटोशॉपमध्ये उजळ आणि गडद करण्याची जी दोन हत्यारं आहेत, त्यांची चित्रं बघा. एक काडीला लावलेली चकती आहे आणि दुसरा वळलेला हात! डार्करूम गेली, पण तिची खूण तेवढी राहिली.

फोटोशॉप १९९० साली फेब्रुवारीत बाजारात आलं. अमेरिकेतल्या थॉमस आणि जॉन नॉल या दोन भावांनी ते तयार केलं. ते लोकांना करून दाखवताना त्यांनी जो फोटो वापरला, तो जॉनने १९८७ साली सुट्टीवर असताना काढला होता. त्यात समुद्रकिनारी पाठमोरी बसलेली त्याची मैत्रीण आहे. पुढे तिच्याशीच त्याचं लग्न झालं. म्हणजे या जादूच्या हत्याराची चाचणी झाली तीही एका बाईच्या फोटोवर!

पुढे २००८ साली लाइटरूम या सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या आवृत्तीत हा 'हवा तेवढाच भाग सुधारणारा' ब्रश आला आणि स्टुडिओवाल्यांचं काम भलतंच सोपं झालं. त्यात त्वचा मऊ करण्याची, दात पांढरे करण्याची तयार सोयही मिळू लागली. २०२२ साली तर ब्रश फिरवायचीही गरज उरली नाही. सॉफ्टवेअर फोटोतला माणूस आपणहून ओळखतं आणि चेहऱ्याची त्वचा, अंगाची त्वचा, भुवया, ओठ, दात, केस अशी यादीच समोर ठेवतं. हवं त्यावर खूण करायची. आता कान विसरायचा प्रश्न नाही. म्हणजे भाचीला ज्या चुकीमुळे हसता तरी आलं, ती चूकही यापुढे होणार नाही.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग हा ब्रशच वाईट! थांबा, मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण वहिनींनी एक गोष्ट दाखवली आणि माझं मत बदललं. भाचीचा मूळ फोटो, म्हणजे काही न केलेला, त्यांनी पडद्यावर उघडला. त्यात ती आहे त्याहून बरीच काळी दिसत होती! मागे पांढरा पडदा, वरून झगझगीत दिवा. कॅमेऱ्याला कळत नाही की पडदा पांढरा आहे आणि मुलगी सावळी. त्याला एकूण उजेड जास्त वाटतो आणि तो सगळाच फोटो अंधारा करतो. त्यात सावळ्या चेहऱ्याचा बळी जातो. डोळे खोबणीत बुडतात, गालाची चमक दिसत नाही. गावात भर उन्हात, पांढऱ्या भिंतीपुढे काढलेल्या फोटोत तुम्ही हे शंभर वेळा पाहिलं असेल.

हा दोष जुना आहे, आणि तो नुसता यंत्राचा नाही. कोडॅक कंपनी पूर्वी लॅबना एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत, कारण पहिल्या कार्डावरच्या बाईचं नाव शर्ली होतं. ती गोरी होती. तिचा रंग नीट आला की बाकी सगळ्यांचे रंग नीट, असं लॅबमध्ये धरून चालत. रंगीत फिल्मला तपकिरी छटा नीट पकडता येत नव्हत्या, तरी बराच काळ कुणाला त्याची घाई वाटली नाही. पुढे फिल्म सुधारली, त्यामागे कुणाच्या तक्रारी होत्या ठाऊक आहे? चॉकलेट आणि लाकडी फर्निचरची जाहिरात करणाऱ्या कंपन्यांच्या! काळं चॉकलेट आणि दुधाचं चॉकलेट फोटोत सारखंच दिसतं, ही त्यांची अडचण होती. सावळी माणसं तर कधीपासून त्याच फिल्मवर फोटो काढून घेत होती.

तेव्हा कॅमेऱ्याने जे हिरावून घेतलं ते परत देण्याचं काम ब्रश करू शकतो. डोळ्यांखाली पडलेली सावली हलकी करणं, ट्यूबलाइटची हिरवट छटा काढणं, मागच्या उजेडामुळे झाकोळलेला चेहरा दिसेल इतका वर आणणं, हा सुधार झाला. त्याने माणूस तोच राहतो, फक्त नीट दिसतो. वहिनींनी भाचीच्या मूळ फोटोवर माझ्यासमोर तेवढंच केलं. पट्टी थोडीशीच सरकवली, पोताला हात लावला नाही, तीळ ठेवला. आणि पडद्यावर आमची भाची दिसली! सावळी, हसरी, गालावर उजेड पडलेली. मला एकदम गहिवरून आलं.

म्हणजे ब्रश तोच, पट्ट्याही त्याच. उजेडाची चूक सुधारायची आणि मुलीचा रंग 'सुधारायचा' यात वहिनींच्या बोटाचं अंतर दोन-चार मिलिमीटरचंच असेल. पण एकीकडे चूक कॅमेऱ्याची धरली जाते आणि दुसरीकडे मुलीची.

हा प्रश्न केवळ आपल्या तालुक्याच्या गावातला नाही बरं का. जगभर यावर खल चालू आहे, कायदेही झाले आहेत. इस्रायलने २०१२ साली कायदा केला. जाहिरातीतली मॉडेल कॉम्प्युटरवर बारीक केली असेल तर तसं स्पष्ट लिहायचं, आणि मॉडेल प्रमाणाबाहेर कृश नसल्याचा वैद्यकीय दाखलाही द्यायचा. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७पासून असाच नियम आहे. जाहिरातीतल्या फोटोत अंगाचा बांधा बारीक किंवा जाड केला असेल तर 'फोटो रिटच केलेला आहे' असं छापावं लागतं. नाही छापलं तर साडेसदतीस हजार युरोपर्यंत दंड.

हे वाचून बरं वाटतं. पण नीट बघितलं तर या दोन्ही कायद्यांना काळजी आहे ती बारीकपणाची. तिकडच्या मुली मॉडेलसारखं काटकुळं होण्यासाठी उपाशी राहतात, आजारी पडतात, म्हणून तिकडचा कायदा कंबर मोजतो. आपल्याकडे मुलगी झुरते ती रंगापायी. फ्रान्सचा नियम आपण जसाच्या तसा आणला, तर भाचीचा तो पिठासारखा चेहरा त्यातून अलगद सुटून जाईल, कारण बांधा तर कुणी बदललेलाच नाही!

नॉर्वेने एक पाऊल पुढे टाकलं. तिथे २०२१ साली कायदा झाला आणि जुलै २०२२पासून लागू झाला. जाहिरातीत माणसाच्या शरीराचा आकार, माप किंवा त्वचा बदलली असेल तर ठरवून दिलेली खूण फोटोवर लावायची. इन्स्टाग्रामवर पैसे घेऊन एखाद्या वस्तूची तारीफ करणाऱ्यांनाही हे लागू आहे. त्वचेचा उल्लेख कायद्यात आला, ही मोठी गोष्ट.

ब्रिटनमध्ये वेगळी वाट धरली. तिथल्या जाहिरात नियंत्रण संस्थेने २०११ साली लोरियाल कंपनीच्या दोन जाहिराती बंद केल्या. त्यात ज्युलिया रॉबर्ट्स आणि ख्रिस्टी टर्लिंग्टन यांचे चेहरे होते. तक्रार एका महिला खासदाराने केली होती. मुद्दा साधा होता. चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतोय तो क्रीमने की कॉम्प्युटरने? कंपनीला ते नीट सिद्ध करता आलं नाही. २०२१ साली याच संस्थेने सांगितलं की सौंदर्यप्रसाधन विकताना त्याचा गुण फुगवून दाखवणारे मोबाईलमधले फिल्टरही चालणार नाहीत.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे गोरं करणारं क्रीम १९७५ साली बाजारात आलं आणि घराघरात पोचलं. त्याच्या जाहिराती आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहेत. काळी, उदास मुलगी क्रीम लावते, गोरी होते आणि मग तिला नोकरी मिळते, नवरा मिळतो. २००९ साली चेन्नईतल्या महिलांच्या एका संस्थेने 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम सुरू केली, २०१३ साली अभिनेत्री नंदिता दास तिच्यात सामील झाली आणि यावर मोकळेपणाने बोलणं वाढलं. २०१४ साली भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे जाहिरात व्यवसायाने स्वतःवर लक्ष ठेवायला नेमलेल्या संस्थेने, नियम घालून दिला की सावळ्या रंगाची व्यक्ती दुःखी, कमी प्रतीची किंवा लग्नाच्या बाजारात मागे पडलेली दाखवू नये.

मग आलं २०२० साल. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाला आणि वर्णभेदाविरुद्ध जगभर लोक रस्त्यावर उतरले. त्याची धग आपल्या बाजारापर्यंत पोचली. जुलै २०२०मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने आपल्या क्रीमच्या नावातला 'फेअर' शब्द काढून 'ग्लो' केला. त्याच सुमारास परदेशात राहणाऱ्या आपल्याकडच्या काही मुलींनी मोहीम चालवली आणि शादी डॉट कॉमने स्थळं शोधताना त्वचेचा रंग निवडायची सोय काढून टाकली. ती सोय जुनी होती, वापरात नव्हती, चुकून राहिली होती, असं कंपनीचं म्हणणं पडलं. मार्च २०२१मध्ये युनिलिव्हरने आणखी एक जाहीर केलं. आपल्या जाहिरातींतल्या माणसांचा बांधा, माप आणि त्वचेचा रंग कॉम्प्युटरवर बदलणार नाही. गुगलनेही २०२० साली आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात चेहरा गुळगुळीत करण्याची सोय आपोआप सुरू राहणार नाही, असं ठरवलं आणि तिला 'ब्यूटी' म्हणायचं थांबवलं.

हे सगळं चांगलंच झालं. पण मैत्रिणींनो, या साऱ्या कायद्यांत आणि घोषणांत एक गोष्ट समान आहे. त्या जाहिरातीला लागू होतात. भाचीचा फोटो जाहिरात नाही. तो आईने मुलीसाठी काढून घेतलेला घरचा फोटो आहे. त्यावर खूण लावायला नॉर्वेचा कायदा येणार नाही आणि मानक परिषदही येणार नाही. गंमत बघा, पासपोर्टच्या फोटोसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे की त्वचेचा रंग नैसर्गिकच दिसला पाहिजे. सरकारला मुलगी जशी आहे तशी हवी असते, कारण विमानतळावर तिला ओळखायचं असतं. आणि जिथे उभा जन्म काढायचा त्या घरी पाठवायचा फोटो मात्र ओळखू न येण्याजोगा!

कुणी म्हणेल, "अहो, एवढं काय त्यात? पहिली पायरी ओलांडायला लागतं थोडं. एकदा मुलगी समोर आली की गुण दिसतातच." ताईचं हेच म्हणणं होतं. तिला मी दोष देत नाही. सावळ्या मुलीच्या आईने काय काय ऐकलेलं असतं हे मला माहीत आहे. बारशाला पाळण्यात डोकावून "बापावर गेली वाटतं" म्हणणाऱ्या बायकांपासून ते "हळद-दूध लावत जा हो" सांगणाऱ्या शेजारणींपर्यंत. तिने वाद घालण्याऐवजी सोपी वाट धरली, इतकंच.

पण त्या सोप्या वाटेचा हिशेब कुणाच्या नावावर पडतो? फोटोत गोरी करण्याचा निर्णय ताईचा, वहिनींचा, किंवा खरं तर कुणाचाच नाही, तो 'असाच' झाला. पाहुण्यांपुढे ट्रे घेऊन मात्र भाची एकटी उभी राहिली. फोटोशी तिची तुलना झाली आणि तिलाच वाटलं की आपण कमी पडलो. आणि दुसरी गोष्ट. प्रत्येक फोटो उजळ केला की गावातल्या पन्नास बायोडाटांत एकही सावळी मुलगी दिसत नाही. मग जी मुलगी खरा फोटो देईल, ती आणखीच काळी वाटते. आपणच हा बाजार भाव चढवतो आणि आपल्याच लेकींना त्या भावात उभं करतो.

मग करायचं काय? मोर्चा नको, भाषण नको. स्टुडिओत गेल्यावर एक वाक्य बोलायचं, "उजेड नीट करा, रंग बदलू नका." वहिनींनी मला सांगितलं की आजवर असं त्यांना एकाही आईने म्हटलेलं नाही. म्हटलं तर त्यांचं कामही कमीच होणार आहे! फोटो हातात आला की चेहरा आणि हात शेजारी ठेवून बघायचे. दोन्ही एकाच माणसाचे वाटले पाहिजेत. तीळ, व्रण, खळी जागच्या जागी आहेत का ते बघायचं. आणि मुख्य म्हणजे जिचा फोटो आहे तिला विचारायचं. तिला मुरुमाचा डाग पुसायचा असेल तर पुसू दे की! आठवड्याने तो जाणारच असतो. पण तिचा रंग कुठे जाणार नाहीये.

स्टुडिओत जायचं नसेल तर घरीही जमतं. दुपार कलताना खिडकीशी बसवा, ऊन थेट अंगावर नको, मागे पांढरी भिंत नको. फिकट हिरवा, मातकट, निळा पडदा चालेल. कॅमेऱ्यातली चेहरा गुळगुळीत करण्याची सोय आधी बंद करा. कित्येक फोनमध्ये ती आपल्याला न विचारताच चालू असते. मग गुगलचं स्नॅपसीड हे फुकट मिळणारं ॲप आहे, त्यात हवा तेवढाच भाग निवडता येतो. चेहऱ्यावर बोटाने एक बिंदू टाकायचा, दोन बोटांनी त्याचं वर्तुळ लहान-मोठं करायचं आणि बोट आडवं सरकवून उजेड थोडा वाढवायचा. डोळे स्पष्ट दिसले की थांबायचं. मुलगी शेजारी उभी करा आणि फोन तिच्या गालाशी धरून बघा. याहून चांगली परीक्षा नाही. हे शिकायला अर्धा तास पुरतो. आपल्यातल्या कुणी हे मनावर घेतलं तर घरबसल्या चार पैसेही मिळवू शकेल, कारण सावळ्या चेहऱ्याचा फोटो नीट काढणारं माणूस गावात शोधूनही सापडत नाही.

वहिनींनी सुधारलेला तो दुसरा फोटो मी घरी आणला. ताईने बराच वेळ पाहिला. "बरा आलाय," म्हणाली, "पण..." आणि पुढे काही बोलली नाही. भाचीने मात्र तोच बायोडाटाला लावला आणि ताईला सांगितलं, "आई, आता जे येतील ते मला बघायला येतील." ताईने देवापुढे दिवा लावला आणि फोटो पाठवला. अजून दोन ठिकाणांहून उत्तर आलेलं नाही. एका ठिकाणाहून आलंय, पुढच्या रविवारी येताहेत.

काय होईल ते मला माहीत नाही. कदाचित पुन्हा पत्रिका जुळणार नाही. पण या वेळी मुलाच्या आईने मोबाईल काढून फोटोकडे पाहिलं, तरी त्यात आणि समोर एकच मुलगी असेल. भाचीने परवा फोन केला होता. म्हणाली, "मावशी, रविवारी मी डाळिंबी साडीच नेसणार आहे. फोटोतली."